शारीरिक दिव्यांगत्व आणि कायदा: महाराष्ट्रात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः हातापायांच्या, चालण्याफिरण्याच्या दिव्यांगत्वाबद्दल आहेत. आधार आहे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याने १९९५ चा जुना कायदा रद्द केला. जुन्या कायद्याची कलमं दाखवून कुणी अर्ज फेटाळत असेल, तर पहिला आक्षेप तिथेच घ्या.

माझं दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे. मग मला काहीच हक्क नाहीत का?

आहेत. कायद्याचे दोन थर आहेत आणि कचेऱ्यांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. पहिला थर 'दिव्यांग व्यक्ती'चा. समानता, भेदभावाला मनाई, अपमानापासून संरक्षण आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क या थरात येतो. त्याला टक्केवारीची अट नाही. दुसरा थर 'लक्षणीय दिव्यांगत्वा'चा, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त. नोकरीतलं आरक्षण, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा, घर-जमीन वाटपातला हिस्सा या गोष्टींसाठी हा दुसरा थर लागतो.

वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता तुमच्यासाठी करता येईल असा बदल. तळमजल्यावर टेबल देणं, उभ्याने करायचं काम बसून करू देणं, परीक्षेत वेळ वाढवून देणं, ही त्याची उदाहरणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात हाच फरक स्पष्ट केला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला, ४० टक्क्यांचा दाखला नाही म्हणून, लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल आहे.

शारीरिक दिव्यांगत्वात नक्की काय काय येतं?

कायद्याच्या यादीत एकूण २१ प्रकार आहेत. अस्थिव्यंग किंवा चलनवलनविषयक गटात पोलिओ, अवयव कापला जाणं, पक्षाघात, मणक्याची इजा अशा कारणांनी आलेल्या मर्यादांबरोबरच कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, सेरेब्रल पाल्सी, ठेंगणेपणा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि आम्लहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीही येतात. शेवटचे तीन प्रकार १९९५ च्या कायद्यात स्वतंत्रपणे नव्हते की काय, हा वाद आता घालू नका. नव्या यादीत ते नावानिशी आहेत.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र, कसं काढायचं?

स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतः जमत नसेल तर सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करून घ्या. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा एवढं लागतं. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. बहुतेकांसाठी ते जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपल्या बोलीतलं सिव्हिल. नावनोंदणी क्रमांक मोबाइलवर येतो, तो वहीत लिहून ठेवा. दर वेळी मोबाइल बदलतो आणि क्रमांक हरवतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

तपासणीला जाताना जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे कागद आणि जुना दाखला असेल तर त्याची मूळ प्रत न्या. कॅलिपर, कुबडी किंवा जयपूर फूट वापरत असाल तर तेही घेऊन जा. 'डॉक्टरांसमोर नीट चालून दाखवलं पाहिजे' या भिडेपोटी लोक दुखणं लपवून चालतात. असं करू नका. काय जमत नाही, किती अंतरानंतर थांबावं लागतं, जिना कसा चढता, ते जसंच्या तसं सांगा.

२०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार रुग्णालयाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून तपासणीची तारीख चुकली तर गप्प बसू नका, नवी तारीख मागा.

अर्ज अडकतो तो बहुधा नावामुळे. आधारवर 'दत्तात्रय', शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय' आणि बँकेत 'दत्ता' असेल, तर कार्ड निघेल, पण पुढे अनुदान खात्यात येताना गाडी थांबेल. आधीच एकसारखं करून घ्या.

कार्डावरच्या रंगांचा अर्थ काय?

पांढरी पट्टी ४० टक्क्यांखाली, पिवळी ४० ते ८० च्या आत, निळी ८० आणि त्यापुढे.

एका पायाला ३० टक्के आणि एका हाताला २० टक्के आहे. मग माझे ५० टक्के व्हायला हवेत ना?

नाही, सरळ बेरीज होत नाही. मोठी टक्केवारी 'अ' आणि लहान 'ब' धरून सूत्र लावतात: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. तुमच्या उदाहरणात ३० + २० × ६० ÷ ९०, म्हणजे सुमारे ४३ टक्के. दाखल्यावर दोन्ही अवयवांची नोंद असूनही एकूण आकडा मोठ्याच अवयवाइतका दिसत असेल, तर एकत्रीकरण राहून गेलं असण्याची शक्यता आहे. हे गणित कागदावर मांडून विचारा.

मला ३८ टक्के दिले. दाद कुठे मागायची?

निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. हा हक्क कायद्याच्या कलम ५९ चा आहे. 'टक्के वाढवून द्या' असं लिहिलेलं अपील पडतं. कोणता सांधा मोजला नाही, कोणता अहवाल पाहिला नाही, कोणती नोंद चुकली, ते लिहा. अस्थिव्यंगाच्या मोजणीत सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि स्थैर्य यांना वेगवेगळे गुण असतात. दुसऱ्या सरकारी अस्थिरोगतज्ज्ञाचा ताजा अहवाल सोबत जोडला तर अपिलाला वजन येतं.

एजंट '५० टक्के करून देतो' म्हणत असेल तर लांब राहा. फसवून लाभ घेणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात अडकतो तो दाखलाधारक. एजंट केव्हाच निसटलेला असतो.

दाखल्यावर 'तात्पुरता' लिहिलं आहे. त्यावर लाभ मिळतात का?

मुदतीपर्यंत दाखला वैध असतो, पण प्रत्येक योजनेच्या आणि भरतीच्या अटीत तात्पुरता चालतो का, हे पाहावं लागतं. ज्या अवस्थेत फरक पडण्याची शक्यता आहे तिलाच तात्पुरता दाखला द्यायचा असतो. पाय कापला गेला आहे आणि तरी 'तात्पुरता' लिहिलं आहे, असं घडलं तर लगेच अपील करा. कापलेला पाय पाच वर्षांनी उगवत नाही.

सरकारी नोकरीत आरक्षण किती? जाहिरातीतली 'ओएल', 'बीएल' ही अक्षरं काय आहेत?

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी एकूण ४ टक्के. त्यातला १ टक्का अस्थिव्यंग गटाला, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या चलनवलनविषयक प्रकारांना मिळून. उरलेले टक्के दृष्टी, श्रवण, आणि चौथा बौद्धिक-मानसिक व बहुविकलांग गट यांच्यात वाटलेले आहेत.

प्रत्येक पदासाठी कोणता प्रकार 'सुयोग्य' आहे हे आधी ठरवलेलं असतं. केंद्राने ४ जानेवारी २०२१ रोजी अशा ३,५६६ पदांची यादी प्रसिद्ध केली. राज्याची पदनिश्चिती स्वतंत्र असते. 'ओए' म्हणजे एका हाताला बाधा, 'ओएल' एका पायाला, 'बीएल' दोन्ही पायांना, 'ओएएल' एक हात आणि एक पाय. खरी गोची इथे होते: उमेदवार परीक्षा देतो, निवड होते आणि कागदपत्रं तपासताना कळतं की त्याचा उपप्रकार त्या पदाला नाही. म्हणून अर्जाआधी जाहिरातीतला उपप्रकार आणि आपल्या दाखल्यावरची नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचा. दाखल्यावर नुसतं 'अस्थिव्यंग' असेल आणि कोणता अवयव ते नसेल, तर सिव्हिलमधून आधीच स्पष्ट नोंद करून घ्या.

त्या वर्षी योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात न्यावी लागते. तेव्हाही मिळाला नाही तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला द्यावी लागते. सर्वसाधारण उमेदवाराने ती भरायची वेळ त्यानंतर येते. भरती रखडली आहे असं वाटलं तर माहिती अधिकारात बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या गटाला राखीव आहे त्याची नोंदवही, मागा. 'किती जागा रिक्त आहेत' या ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर येतं.

नोकरीत असताना अपघात झाला आणि आता पूर्वीचं काम जमत नाही. साहेब 'मेडिकली अनफिट' करून घरी पाठवणार म्हणतात.

सरकारी आस्थापनेत हे करता येत नाही. महामंडळं आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही त्यात आल्या. कलम २० म्हणतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याचं पदही उतरवता येणार नाही. पूर्वीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जास्तीचं) पद निर्माण करायचं आणि योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी होईल तोवर, त्यावर ठेवायचं. बसचालकाचा पाय गेला तर त्याला चालकाच्याच पगारावर आगारात दुसरं काम द्यावं लागतं.

इथे सगळ्यात महाग पडते ती घाईची सही. 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती' असा छापील अर्ज समोर येतो, पेन्शन लवकर सुरू होईल असं गोड बोलून सही घेतली जाते आणि मग तीच सही कर्मचाऱ्याविरुद्ध पुरावा ठरते. सही करू नका. त्याऐवजी कलम २० चा उल्लेख करून पर्यायी पदाची लेखी मागणी करा, सोबत दिव्यांगत्वाचा दाखला जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. आधीच निवृत्तीवेतन सुरू झालं असेल तरी दार बंद होतं असं नाही. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या कुणाल सिंग खटल्यात सांगितलं आहे की रुग्णता निवृत्तीवेतन मंजूर झालं एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येत नाही.

प्रत्येक सरकारी आस्थापनेत एक तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने तक्रारीची नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.

खासगी कंपनीला हे लागू नाही का?

आरक्षण आणि वर सांगितलेलं नोकरी टिकवण्याचं संरक्षण खासगीला लागू नाही. पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने तयार करायचं आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदं, निवडीची पद्धत, सोयी आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील हवा. मनुष्यबळ विभागाकडे ईमेलवर धोरणाची प्रत मागा. नसेल तर तेच तुमच्या तक्रारीतलं पहिलं वाक्य.

परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक कसा मिळतो?

दर तासाला किमान २० मिनिटं जादा. तीन तासांच्या पेपरला तासभर. दोन्ही हातांना बाधा असेल किंवा सेरेब्रल पाल्सी असेल आणि ४० टक्क्यांचा दाखला असेल, तर मागणी केल्यावर लेखनिक द्यायचा असतो. इतरांना 'लिहिण्यात शारीरिक अडचण आहे' असं सिव्हिल सर्जन किंवा तत्सम वैद्यकीय अधिकाऱ्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ४० टक्क्यांखालच्यांसाठीही केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. लेखनिकाच्या शिक्षणाची अट परीक्षेगणिक बदलते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. अर्ज भरताना 'लेखनिक हवा' या रकान्यात 'नाही' राहून गेलं, तर परीक्षेच्या दिवशी केंद्रावरचा पर्यवेक्षक काही करू शकत नाही.

शाळा-कॉलेज प्रवेशाचं काय?

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशात दिव्यांग बालक 'वंचित घटका'त येतं. त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. पुष्कळ पालक तो दाखला काढण्यातच मुदत घालवतात.

उच्च शिक्षणात सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट. वैद्यकीय प्रवेशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड आणि ओम राठोड या दोन खटल्यांत सांगितलं की केवळ टक्केवारीचा आकडा पाहून विद्यार्थ्याला अपात्र ठरवू नये. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, याची तपासणी मंडळाने कारणांसह करावी. मंडळाने नुसतं 'अपात्र' लिहून पाठवलं तर कारणांची प्रत मागा.

सोसायटीत रॅम्प हवा आहे. समिती म्हणते 'एका माणसासाठी खर्च कशाला?'

कायद्यातल्या 'खासगी आस्थापना' या व्याख्येत सहकारी संस्था येते, हे समितीला दाखवा. आस्थापनेचा आराखडा सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे नसेल तर बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं कलम ४४ सांगतं. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाची वेगळी तरतूद आहे. म्हणजे नव्या इमारतीत रॅम्प ही बिल्डरची मेहेरबानी नव्हे. जुन्या सोसायटीत वाजवी सोय म्हणून मागणी करायची: सचिवांना पत्र, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर विषय घेण्याची विनंती, सोबत माप आणि ठेकेदाराचं दरपत्रक. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर तो कागद घेऊन दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार.

मापाचं गणित आधी करा, नाहीतर रॅम्प होतो आणि वापरता येत नाही. उतार १:१२ असावा. सोपा हिशेब: एक इंच चढाला एक फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, तर रॅम्प १८ फूट, साधारण साडेपाच मीटर. गवंडी तीन पायऱ्यांवर सहा फुटांची फरशी टाकून 'झाला रॅम्प' म्हणतो. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागतात आणि खाली येताना बसलेला माणूस तोंडावर पडतो. असा रॅम्प नसलेला बरा, कारण तो दाखवून समिती पुढचा अर्ज फेटाळते.

रुंदी किमान १.२ मीटर. वर आणि खाली १.५ मीटरची सपाट जागा. वरची जागा विशेष महत्त्वाची: दार बाहेर उघडत असेल आणि सपाट जागाच नसेल, तर दार ओढताना खुर्ची मागे घसरते. दोन्ही बाजूंना कठडे, साधारण ७० आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचींवर. कडेला छोटी उंचवट्याची पट्टी, म्हणजे चाक बाहेर जात नाही. फरशी खरखरीत, पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसाळ्यात काचेसारखा होतो. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन रॅम्प वळवता येतो.

एवढं करून राहिलेल्या तीन गोष्टी रॅम्प निकामी करतात: पायथ्याशी उघडं गटार, वरच्या टोकाला दीड-दोन इंचांचा उंबरा आणि समोर लावलेली स्कूटर. उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दारातून मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. पार्किंगची राखीव जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी, कारण गाडीच्या शेजारी खुर्ची उघडायला जागा लागते.

सरकारी कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. मी काय करू?

त्या दिवशीचं काम अडू नये म्हणून खालूनच लेखी चिठ्ठी पाठवा: 'मी चालू शकत नाही, कृपया तळमजल्यावर येऊन अर्ज स्वीकारावा.' चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. खांद्यावर उचलून वर नेण्याची तयारी लोक प्रेमाने दाखवतात. नको असेल तर नाही म्हणा.

पुढची पायरी तक्रारीची. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, त्यामुळे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानकं 'फक्त मार्गदर्शक' ठेवणारा नियम रद्द केला आणि बंधनकारक मानकं करायला सांगितलं. फुटपाथच्या तोंडाशी उभारलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर अडते, याची मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली.

आणि हो, 'दिव्यांगांसाठी' पाटी असलेलं स्वच्छतागृह कुलूपबंद असेल किंवा आत झाडू-बादल्या भरल्या असतील, तर त्याचाही फोटो तक्रारीला जोडा. कुलूपबंद सोय ही सोय नाही.

दरमहा किती पैसे मिळतात?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० ऐवजी २,५०० रुपये. अटी: किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेवा केंद्रातून.

पैसे थांबण्याची कारणं ठरलेली आहेत. हयातीचा दाखला वेळेत दिला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, किंवा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं आहे. शेवटचं कारण सगळ्यात फसवं: थेट हस्तांतरणाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जातात. 'बंद झालं' म्हणून तहसीलला हेलपाटे घालण्याआधी सगळी जुनी पासबुकं भरून पाहा.

ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीचं काय असतं?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद सगळ्यांनी. वर्षभर काही हालत नाही आणि मार्चअखेर घाईने वाटप होतं. एप्रिल-मेच्या ग्रामसभेत तीन आकडे मागा: गेल्या वर्षीचं स्वउत्पन्न, त्याचे ५ टक्के, प्रत्यक्ष खर्च. ग्रामसेवकाला इतिवृत्तात प्रश्न नोंदवायला लावा. नुसतं 'निधी द्या' म्हणण्यापेक्षा 'घरासमोरची २० फूट वाट काँक्रीटची करा' किंवा 'शौचालयाला रॅम्प आणि आधाराचे बार बसवा' अशी नेमकी मागणी पुढे सरकते.

एसटी आणि रेल्वेत सवलत किती?

एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. शिवशाहीत हे आकडे ७० आणि ४५.

रेल्वेत अस्थिव्यंग प्रवाशाला सेकंड क्लास, स्लीपर, थ्री एसी आणि चेअर कारला ७५ टक्के, फर्स्ट एसी आणि टू एसीला ५० टक्के, राजधानी-शताब्दीच्या थ्री एसी आणि चेअर कारला २५ टक्के, सोबत्याला तितकीच. पण रेल्वेची अट टक्क्यांची नाही. 'मदतनिसाशिवाय प्रवास करू शकत नाही' असं रेल्वेच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर सरकारी डॉक्टरने लिहिलेलं लागतं आणि त्यावर रेल्वेचं सवलत ओळखपत्र निघतं. यूडीआयडी असूनही खिडकीवर नकार मिळतो तो बहुधा यामुळे.

सही करता येत नाही म्हणून बँक भावाला संयुक्त खातेदार करायला सांगते.

तशी सक्ती करता येत नाही. कलम १३ प्रमाणे स्वतःची मालमत्ता आणि पैसे सांभाळण्याचा तुमचा हक्क इतरांइतकाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार हाताचा किंवा पायाचा अंगठा, किंवा तुम्ही केलेली खूण, दोन साक्षीदारांसमोर चालते. त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. घरपोच बँकसेवेचीही तरतूद आहे. व्हिडिओ केवायसीत डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून खातं अडलं असेल, तर एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून निकाल दाखवा. डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

कर सवलत?

जुनी करप्रणाली निवडली तर ४० टक्क्यांवर ७५,००० आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपयांची वजावट. नव्या प्रणालीत ती नाही. ४० टक्क्यांवर व्यवसाय कर माफ आहे; पगारपत्रकात दोनशे रुपये कापले जात असतील तर लेखा विभागात दाखला द्या.

चारचौघांत 'लंगड्या' म्हणून हिणवलं. गुन्हा होतो का?

लोकांच्या देखत, पाणउतारा करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान केला किंवा धमकावलं, तर कलम ९२ लागतं: सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. कुठे घडलं, कोण हजर होतं, नेमके शब्द काय, हे फिर्यादीत असलं पाहिजे. ठाण्यात कलम माहीत नसण्याची शक्यता धरून कायद्याच्या त्या पानाची प्रत खिशात ठेवा.

मतदान केंद्रावर जाता येत नाही.

लोकसभा-विधानसभेला ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदाराला घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. केंद्रावर गेलात आणि यंत्राचं बटण दाबता येत नसेल, तर १८ वर्षांवरचा सोबती नेता येतो. तो एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो.

मी गोव्यात राहतो, दाखला कोल्हापूरचा आहे. चालेल?

दाखला देशभर वैध आहे. मात्र संजय गांधी योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी. गोव्यात मासिक साहाय्य दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळतं, तिला तिथल्या रहिवासाची अट आहे. तक्रारीसाठी गोव्याचे स्वतंत्र राज्य आयुक्त आहेत.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

महाराष्ट्रात राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुण्याला. केंद्र सरकारचं कार्यालय, राष्ट्रीयीकृत बँक किंवा रेल्वे असेल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. आधी त्या संस्थेला लेखी अर्ज झालेला हवा. अर्ज असा असावा:

'मी अस्थिव्यंग आहे (यूडीआयडी प्रत सोबत). दि. __ रोजी आपल्या कार्यालयात आलो असता लिफ्ट बंद होती आणि मला पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत जाता आलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४५ प्रमाणे (१) लिफ्ट दुरुस्त करावी, (२) तोपर्यंत तळमजल्यावर अर्ज स्वीकारावा. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं.'

एवढंच. घरची परिस्थिती, आजारपण, 'कृपावंत व्हावं' हे काही नको. एका अर्जात एकच विषय आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी ते करतात ती शिफारस. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचं, शिफारस मानत नसेल तर कारण द्यायचं. म्हणून तक्रार निकालात निघाली की तारीख मांडून ठेवा आणि तीन महिन्यांनी कार्यवाहीचा अहवाल मागा. तरीही हललं नाही तर उच्च न्यायालय. तिथे हीच शिफारस तुमचा भक्कम कागद ठरते. कायदा मोडल्याचा दंड पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा मोडला तर ५०,००० ते ५ लाख.

वकील परवडत नाही.

दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोनवर १५१००. यूडीआयडी, आवक शिक्क्याची प्रत आणि आलेली उत्तरं तारखेच्या क्रमाने लावून न्या. कार्यालय वरच्या मजल्यावर निघालं, तर वर सांगितलेली चिठ्ठी तिथेही चालते.